राजाच्या तोंडातला शब्द

सन्माननीय अध्यक्ष डॉ. इरावती पाठारे मॅडम, प्रमुख पाहुणे हर्षदभाई दोशी, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती संघमित्रा तायडे मॅडम, या रुग्णालयातील परिचारिका, कर्मचारी, आणि समोर बसलेले माझे सहरुग्ण, आजचे आणि कालचे, व त्यांचे नातेवाईक,

आपणा सर्वांना नमस्कार. मॅडमना जय भीम. आणि कोपऱ्यात बसलेल्या माझ्या चर्चमधल्या माणसांना जय ख्रिस्त.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी कागदावरून वाचणार आहे, आणि मध्येमध्ये थांबणार आहे. मी थांबलो म्हणजे भाषण संपलं, असं समजून कृपया टाळ्या वाजवू नयेत. हे भाषण तयार करायला मला दोन महिने लागले. पूर्वी मला दोन मिनिटं पुरत.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी अंबादास पारधे, राहणार मुलुंड पूर्व. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. आणि घाटकोपरच्या आमच्या मराठी चर्चमध्ये उपदेश करत असे. मी काही पाळक नव्हे. पण पाळकसाहेब गावी गेले की पुलपिटावर, उपदेशाच्या चौथऱ्यावर, मी उभा. पुढे पुढे ते गावी गेले नाहीत तरीही मीच. अंधेरी, बोरिवली, सांताक्रूझ, कुठल्याही मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वर्धापनदिन असो, लग्न असो, अंत्यविधी असो, 'पारधे सरांना बोलवा.' मी बोलायला उभा राहिलो की रडणारी मुलंसुद्धा गप्प होतात, असं लोक म्हणत. म्हणजे, लोक असं म्हणतात हे मीच सगळ्यांना सांगत असे.

मॅडमविषयी बोलायला उभा राहिलो आणि स्वतःविषयीच बोलतोय, असं आपल्याला वाटेल. जुनी खोड आहे. पण मॅडमनी माझ्यासाठी काय केलं हे सांगायचं, तर मी काय केलं होतं ते आधी सांगावं लागेल. आणि ते सांगताना मला आजही धक्का बसतो.

आमच्या मंडळीत चंद्रप्रकाश मकासरे नावाचे गृहस्थ होते. देवनारला महापालिकेच्या गाडीवर ड्रायव्हर. वय पंचेचाळीस. लहानपणापासून बोलताना अडखळतात. वीस वर्षांत चर्चमध्ये मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यांची आई वारली. तिच्या स्मरणाच्या उपासनेआधी त्यांनी पाळकसाहेबांना चिठ्ठी लिहून दिली, 'आईच्या आवडीचं स्तोत्र मी वाचणार आहे.' बारा ओळींचं स्तोत्र.

ते उभे राहिले. पहिल्याच शब्दावर अडले. मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले. एक मिनिट गेलं. दीड मिनिट. शब्द सुटला. पहिली ओळ पूर्ण झाली. दुसऱ्या ओळीला सुरुवात झाली. मी पहिल्या बाकावर होतो. मी घड्याळ पाहिलं. आणि उठलो. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. मी पुढे गेलो, त्यांच्या हातातलं पवित्र शास्त्र काढून घेतलं आणि म्हणालो, "द्या इकडे. देवाचं वचन असं चिरडायचं नसतं."

हे मी माइकसमोर म्हणालो.

मग मी ते स्तोत्र वाचलं. उत्तम वाचलं. बाहेर चहाच्या वेळी तिघांनी माझा हात हातात घेतला. "सर, अंगावर काटा आला." चंद्रप्रकाश चहाला थांबले नाहीत. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. ते येत नाहीत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

त्यानंतर पाचव्या रविवारी माझा उपदेश होता. विषय 'गर्व'. आपल्यापैकी अनेकांना ती कथा माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. बाबेलचा एक बलाढ्य राजा होता. देवाने त्याला स्वप्नात इशारा दिला, एका वर्षाची मुदत दिली. वर्ष सरलं. राजा महालाच्या गच्चीवर फिरत होता. खाली पसरलेलं शहर पाहून त्याची छाती फुगली. हे सगळं मी बांधलं, माझ्या बळावर, माझ्या वैभवासाठी, असं तो म्हणू लागला. आणि ते शब्द अजून त्याच्या तोंडात असतानाच आकाशातून वाणी झाली, 'तुझं राज्य गेलं.' राजाचं भान हरपलं. माणसांनी त्याला हाकलून दिलं. तो बैलासारखा गवत खाऊ लागला, दहिवरात भिजत पडू लागला. त्याचे केस गरुडाच्या पिसांसारखे वाढले, नखं पक्ष्यांसारखी.

ही कथा सांगण्यात माझा हातखंडा होता. तो राजा मी असा उभा करत असे की लोकांना त्याच्या पायातल्या चपला दिसत. त्या दिवशीही मी दोन्ही हात पसरले, छाती पुढे काढली आणि म्हणालो, "राजाच्या तोंडातला शब्द अजून तोंडातच होता, आणि..."

आणि पुढचा शब्द आला नाही.

तो विसरलो नव्हतो हो. विसरलेला शब्द कुठेतरी असतो. तो नव्हताच. मी आत हात घातला आणि आत काहीही नव्हतं. ना हा शब्द, ना दुसरा कुठला.

आणि मंडळी? मंडळींना वाटलं, सरांनी विराम घेतला. माझे विराम प्रसिद्ध होते ना! दोनशे माणसं श्वास रोखून बघत होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वा!" मी आतून ओरडत होतो आणि लोक मला दाद देत होते. माझ्या उजव्या हातातले कागद गळून पडले. ते मी उचलायला वाकत नाही, हे फक्त माझ्या बायकोने पाहिलं. सुहासिनी बाकावरून उठून धावत आली. तिने माझ्या कंबरेला मिठी मारली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. तिच्यासकट मी पुलपिटाच्या पायरीवर कोसळलो.

मेंदूत गुठळी. उजवा हात, उजवा पाय लुळा आणि वाचा बंद. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळायचं. पण आपलं काही निघायचं नाही.

काही निघायचं नाही हेही तितकंसं खरं नाही. चौथ्या दिवशी एक शब्द निघाला. अध्यक्ष मॅडम, माफ करा, हे सांगायलाच हवं. तो शब्द म्हणजे एक शिवी होती. आईवरून दिली जाते ती. आयुष्यात मी ती मोठ्याने कधी उच्चारली नव्हती. शाळेत ती देणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. मेंदूत शिव्यांची जागा वेगळी असते, नेहमीची भाषा गेली तरी त्या मागे उरतात, हे मला नंतर समजावलं गेलं. तेव्हा एवढंच समजत होतं की मला पाणी हवंय आणि मी नर्सला शिवी देतोय. मुलगा परदेशातून फोनवर "बाबा, कसे आहात?" विचारत होता आणि मी त्याला शिवी देत होतो. पाळकसाहेब आले. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून सुंदर प्रार्थना केली. शेवटी मी 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं.

पाळकसाहेबांनी घाईघाईने दुसऱ्यांदा आमेन म्हटलं, मोठ्याने. पुन्हा ते बरेच दिवस आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

नवव्या दिवशी मला चाकांच्या खुर्चीतून तळमजल्यावरच्या स्पीच थेरपीच्या खोलीत आणलं. तिथे या बसल्या होत्या. संघमित्रा मॅडम. त्या म्हणाल्या, "बोला सर." मी मान हलवली. "बोला, जे येतं ते." मी शिवी दिली. सुहासिनीने पदरात तोंड लपवलं. मॅडमनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "छान. आवाज स्पष्ट आहे. ओठ नीट मिटतात. श्वास पुरतोय. एवढ्यावर काम सुरू करता येईल."

ज्या शब्दाने माझी सगळी अब्रू गेली, त्या शब्दात या बाईंना काम सुरू करण्यासारखं काहीतरी दिसलं! मी अवाक झालो. म्हणजे होतोच, आणखी झालो.

चित्रांची कार्डं होती. कप, किल्ली, कंगवा. पाच वर्षांच्या पोराची कार्डं. मी भाषेचा मुख्याध्यापक, आणि मला 'कप' म्हणता येईना. तिसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने सगळी कार्डं भिरकावली. मॅडम खुर्चीतून हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी मूळची वाशिमकडची. माझी आई अक्षर शिकली ती साठाव्या वर्षी. तिनेपण पाटी फेकली होती. उचलली कुणी, तर तिनेच. तुमच्याकडे एक हात चांगला आहे." मी खुर्चीत वाकून वाकून कार्डं गोळा केली. वीस मिनिटं लागली. त्यांनी एकही उचललं नाही.

घरी वेगळंच दर्शन घडत होतं. एके दिवशी जेवताना सुहासिनी तिच्या माहेरच्या विहिरीची काहीतरी हकिकत सांगत होती. सांगून झाली, तशी ती एकदम थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, चाळीस वर्षांत या घरात माझी गोष्ट आज पहिल्यांदा शेवटपर्यंत गेली." ती टोमणा मारत नव्हती. तिलाच आश्चर्य वाटलं होतं.

एका दुपारी ती बाजारात गेली होती. मी पलंगाच्या काठावर बसून प्रभूची प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला. वयाच्या चौथ्या वर्षापासून पाठ आहे. तोंडातून शिवी आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा शिवी. मी तोंडावर हात दाबला. देवाला शिवी देणारा माणूस! शास्त्रात एक दाखला आहे. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. एक धार्मिक म्हणून मिरवणारा, स्वतःचे उपास नि स्वतःचे गुण देवाला ऐकवणारा. दुसरा बदनाम जकातदार. तो मान वर करायलाही धजत नाही, छाती बडवून दयेची भीक मागतो. आणि देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा. या दाखल्यावर मी तीस वेळा तरी बोललो असेन. पण मी त्या दोघांपैकी कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मी गोष्ट सांगणारा होतो. त्या दुपारी मला कळलं की त्या मंदिरात गोष्ट सांगणाऱ्याला जागा नाही.

मी हात खाली घेतला. माझ्याजवळ जे होतं ते देवापुढे ठेवलं. सात-आठ वेळा, रडत. कुणी ऐकत नव्हतं. कसं वाटलं, हे विचारायला कुणी नव्हतं. मी आयुष्यात केलेली ती पहिली प्रार्थना असावी, असं मला वाटतं.

हळूहळू शब्द येऊ लागले. 'पाणी.' 'नको.' 'बस.' मग मॅडमनी मला गुरुवारच्या गटात बसवलं. या विभागात माणसं कमी आणि खोली एकच, म्हणून वाचा गेलेले, अडखळणारे, सगळे एकाच गोलात बसतात. नियम एकच. कुणी कुणाचा शब्द तोडायचा नाही, आणि पुरवायचाही नाही. थांबायचं.

मी आत गेलो. समोरच्या खुर्चीवर चंद्रप्रकाश मकासरे बसले होते.

आता हे सगळ्यांना सांगणार, असं मी धरून चाललो. मॅडम म्हणाल्या, "नवे आलेत, कुणी ओळखतं का यांना?" चंद्रप्रकाश म्हणाले, "हे पा... पा... पारधे सर. आ... आमच्या चर्चचे." आणि गप्प बसले. एवढंच.

त्या दिवशी मला 'रविवार' हा शब्द म्हणायचा होता. चार मिनिटं मी 'र'वर धडपडत होतो. बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. चंद्रप्रकाश माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, सूड नव्हता. ते नियमाप्रमाणे थांबले होते. त्यांच्या दुसऱ्या ओळीला मी एक मिनिटसुद्धा थांबलो नव्हतो, मंडळी.

त्यानंतर तीन महिन्यांनी, माझ्याकडे चाळीसेक शब्द जमल्यावर, मी मॅडमना सांगायचं ठरवलं. पूर्ण तास लागला. "मी. पुस्तक. ओढलं." त्यांना कळेना. "कुणाचं पुस्तक, सर?" मी गटातल्या चंद्रप्रकाशांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "आई. मेली. तो... वाचत. मी... ओढलं."

मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "ते तुम्ही?" त्या म्हणाल्या. "सर, त्या बारा ओळी त्यांनी इथे बसून चार महिने घटवल्या होत्या. आई आजारी होती तेव्हापासून. तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते, आणि तेवढ्यात ती गेली. कोणीतरी मोठ्या वक्त्याने पुस्तक हिसकावलं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. नाव नाही सांगितलं." त्या उठून बाहेर गेल्या. मी तसाच बसून राहिलो. पाच मिनिटांनी दारात येऊन म्हणाल्या, "मला तुमचा राग आलाय सर. आज मी तुम्हाला शिकवू शकत नाही. गुरुवारी या."

मॅडम, आज जाहीर सांगतो. आयुष्यात माझ्या तोंडावर इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. आणि गुरुवारी तुम्ही शिकवलंत, नेहमीसारखंच, त्यात तसूभरही कमी न करता.

मी विचारलं होतं, "देवाने... शिक्षा?" तुम्ही बुद्धाच्या लेकी, मला काय सांगणार? तुम्ही म्हणालात, "सर, गुठळी होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या तुम्ही बंद केल्या होत्या." खरंच आहे. सुहासिनी ताटाशेजारी गोळी ठेवायची आणि मी म्हणायचो, याने जीभ जड होते, उपदेश रंगत नाही. मला काय होणार आहे! देवाने मला पाडलं, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर या खोलीतल्या प्रत्येक रुग्णावर मी आरोप करतो, आणि त्यांनी कुणाचं पुस्तक ओढलेलं नाही. मी पडलो तो माझ्या मस्तीने. पडल्यावर मला जे दिसलं, ते मात्र त्याने दाखवलं. त्या बाबेलच्या राजाचा शेवट मी लोकांना नेहमी घाईत सांगत असे, कारण त्यात रंग भरता येत नाही. पुष्कळ काळाने राजाने फक्त डोळे वर करून आकाशाकडे पाहिलं, आणि त्याचं भान परत आलं. बोलणं नंतर. आधी नुसतं वर पाहणं.

'चंद्रप्रकाश, माझं चुकलं' हे वाक्य शिकायला मला तीन आठवडे लागले. त्यातला 'च' मला छळत होता. एका गुरुवारी गट संपल्यावर मी ते म्हणालो. चंद्रप्रकाश उभेच होते. मग म्हणाले, "मी वा... वाचलं असतं सर. अ... अर्धा तास ला... लागला असता. पण वाचलं असतं." आणि निघून गेले.

त्यांनी मला माफ केलं का? मी विचारलेलं नाही. मॅडमनी बजावलं, "विचारू नका. उत्तर देण्याचं ओझं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर कशाला?" ती स्मरणाची उपासना पुन्हा होणार नाही. ती आई पुन्हा जाणार नाही. ते मी परत करू शकत नाही, जगातलं कुठलंही भाषण देऊन. चंद्रप्रकाश आता अंधेरीच्या एका लहान मंडळीत जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे शास्त्रवाचन तेच करतात. मी एकदा गेलो होतो, मागच्या बाकावर. एकोणीस मिनिटं लागली. चाळीस माणसं बसून होती. शेवटची ओळ झाल्यावर त्या चाळीस जणांतून जो 'आमेन' उठला, तसा माझ्या कुठल्याही उपदेशानंतर उठलेला मला आठवत नाही.

संघमित्रा मॅडम, तुम्ही उद्यापासून इथे नसणार. एकोणतीस वर्षं या तळमजल्यावर तुम्ही माणसांची तोंडं उघडलीत, आणि एका माणसाला तोंड मिटायला शिकवलंत. माझी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करेल. तुम्ही हसाल, पण नको म्हणणार नाही, हे मला ठाऊक आहे.

अध्यक्ष मॅडम, हर्षदभाई, आपण मला वेळ दिलात आणि वेळेकडे पाहिलं नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. सुहासिनी, हे सगळं तू लिहून घेतलंस, खोडलंस, पुन्हा लिहिलंस. तुझे आभार मानायला मी चाळीस वर्षं उशीर केला. बोलण्यात काही अडलं असेल, निसटलं असेल, एखादा शब्द सभेला न शोभणारा गेला असेल, तर आपण सर्वांनी तो उदार मनाने सोडून द्यावा.

आणि आता एक विनंती. यानंतर बोलायला चंद्रप्रकाश मकासरे येत आहेत. मॅडमविषयी त्यांना चार वाक्यं बोलायची आहेत. वेळ लागेल. वर जेवण मांडलंय, ते निवेल. तरीही कृपा करून कुणी उठू नये.